आपली गाठ आपण बांधायची नाही

उंच इमारतींना बाहेरून रंग देणाऱ्या माणसांचा एक कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच कोणी मोडत नाही. लिहिलेल्या कायद्यांचं काय होतं ते मी तीस वर्षं बघतेय.

कायदा असा, की आपली गाठ आपण बांधायची नाही. गच्चीवर दोघं चढतात. दोघांचे दोन झुले. झुला म्हणजे दोराला लटकवलेली बसायची फळी, दुसरं काही नाही. याचा दोर तो बांधतो, त्याचा दोर हा. पाण्याच्या टाकीच्या खांबाला तीन वेढे, वर गाठ, आणि मग दोघं कठड्यावरून पाय बाहेर टाकतात. म्हातारे रंगारी म्हणतात, स्वतःचं काम माणूस उरकतो, दुसऱ्याचा जीव हातात असला की डोळे उघडे ठेवतो. इथवर मला पटतं. पुढचं पटत नाही. जोडीदाराने बांधलेली गाठ हात लावून तपासायची नाही. तपासली तर त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं. एवढ्या एका चाचपण्यावरून सख्ख्या भावांची जोडी फुटलेली मी पाहिलीय.

मी याच लोकांत भिंती घासत मोठी झाले. धुळीने छाती धरली तेव्हा संघटनेत आले. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं नोटिसा वाचून शिकले. लोक मला वकीलबाई म्हणतात. कोर्टाची पायरी दोनदा चढलेय, दोन्ही वेळा आरोपी म्हणून. ‘गाठ तपासा, जीव वाचवा’ असं पत्रक मी छापून वाटलं, तर या शहाण्यांनी त्याला ब्रश पुसले.

ज्याच्याबद्दल लिहायचंय त्याला सगळे घोरपड म्हणायचे. वय बावीस, अंगाने काटक, बोलणं कमी. भिंतीला असा चिकटायचा की वारा सुटला तरी झुला हलायचा नाही. त्याचा जोडीदार म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याला आख्खी टोळी दाजीच म्हणते, मीही म्हणते. घोरपड जेवढा गप्प तेवढे दाजी बोलके. चौदाव्या मजल्यावर लटकून खालच्या भाजीवाल्याशी भाव करायचे. सहा वर्षं दोघं एकमेकांच्या गाठीवर लटकले. घरी एक ताट कमी पडलं तर दोघं एका ताटात जेवायचे, अशी जोडी.

आणि मग पोपट पडला.

पोपट त्यांच्याच टोळीतला. हिरवं हेल्मेट घालायचा म्हणून पोपट. त्याची गाठ सुटली नाही, दोर तुटला नाही. त्या गच्चीवर टाकी लांब होती म्हणून दोर कठड्याला होता, आणि कठड्याचा आतून कुजलेला तुकडा दोरासकट निखळला. सहाव्या मजल्यावरून तो वाळूच्या ढिगावर आला. वाळूमुळे लगेच गेला नाही, तेच वाईट झालं. अकरा मिनिटं जिवंत होता. घोरपड सगळ्यांत आधी खाली पोचला आणि त्याच्याजवळ उभा राहिला. उचलावं की उचलू नये, पाणी द्यावं की देऊ नये, मान सरळ करावी की तशीच ठेवावी, कोणालाच काही माहीत नव्हतं. पोपट त्याच्याकडे बघत होता. घोरपडीचे दोन्ही हात रंगाने भरलेले, ते त्याने पुढे केलेले आणि तसेच हवेत राहिलेले. रुग्णवाहिका आली तेव्हाही ते हात तसेच होते. मी होते तिथे. ठेकेदाराच्या माणसाची गचांडी धरण्यात मी गुंतले होते. पोपटाजवळ मीही बसले नाही, हे आज लिहिते.

त्यानंतर तीन महिन्यांनी एका इमारतीच्या गच्चीवर मी कठड्याचे फोटो काढायला गेले होते. तक्रारीला जोडायला. टाकीच्या मागे वळले तर घोरपड टाकीला कपाळ टेकवून उभा. अंगातला शर्ट ओला. पायाशी सकाळचा चहा ओकलेला.

“काय रे, काय झालं?”

“ऊन लागलं.”

“ढग आलेत मूर्खा, ऊन कुठलं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खूप घाबरलेली माणसं पाहिलीत. लाठीसमोर, मालकासमोर, रिकाम्या डब्यासमोर. पण असे डोळे नव्हते पाहिले. म्हणाला, “वकीलबाई, कठड्याजवळ गेलो की तळपाय खाली गळून पडतात. खरंच पडले का म्हणून बघावं लागतं. बघितलं की खाली दिसतं. खाली दिसलं की पोपट दिसतो.”

“मग वर चढतोस कशाला?”

“दाजींना दुसरा जोडीदार कोण?”

“मिळेल कोणीतरी. सांग त्यांना.”

“काय सांगू? तुमची गाठ बांधताना माझे हात लटपटतात, हे सांगू?” मग एकदम माझा हात धरला. “कोणाला सांगू नका. शप्पथ घ्या.”

मी शप्पथ घेतली. आता वाटतं, तेव्हाच त्याला मानगुटीला धरून खाली आणायला हवं होतं. पण आमच्याकडे भीतीला खरजेसारखं वागवतात. एकाला झाली कळलं की बाकीचे चार हात लांब बसतात. ज्याला भीती वाटते त्याच्याबरोबर कोणी दोर लावत नाही, आणि तो घाबरत होता हे आठ दिवसही लपवलं असं कळलं तर त्याच्या घरच्यांनाही कोणी जोडीला घेत नाही. दाजींचं काम त्यात बुडालं असतं. दाजींचं काम बुडालं म्हणजे घोरपडीच्या ताईचं घर. हे मला समजत होतं, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसायची मला सवय नाही, त्यामुळे ते महिने मला जड गेले. सकाळी फोन वाजायचा. दोघांपैकी कोणाचं नाव ऐकावं लागेल, एवढाच विचार.

मग फौजेच्या भरतीची जाहिरात आली. चौकातल्या भिंतीवर लावली होती, आणि ती भिंत यांनीच रंगवलेली. घोरपड तिच्यासमोर उभा राहिला तो हललाच नाही.

संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, “काम सोडलं तर भित्रा म्हणतील. फौजेत गेलो तर कोण म्हणेल?”

मी हसले. मग हसू आवरलं. “अरे, सीमेवर गोळ्या चालू आहेत. बातम्या ऐकतोस की नाही?”

“ऐकतो. त्याचीपण भीती वाटते. पण ती अजून लांब आहे. ही रोज सकाळी आठला असते.”

मला फौज, वर्दी, बँडबाजा या कशाचंच कौतुक नाही. गरिबाचीच पोरं पुढे उभी करतात हे मी सभेत ओरडून सांगितलंय. ते त्यालाही ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातून जाहिरातीचा कागद काढला. एका ओळीवर बोट ठेवलं. वैद्यकीय विभाग, रुग्णसेवक. “हे शिकवतात म्हणे. पडलेल्या माणसाला कुठे धरायचं ते.”

माझं भाषण तिथेच बसलं.

त्याच्या घरी हा विषय निघाला तेव्हा मी तिथे होते. एकच खोली. एका भिंतीला पलंग, दुसरीला शिवणयंत्र, दोन्हींच्या मधे सगळे बसलेले. ताई यंत्रावर पडदा शिवत होती. आई पलंगावर, गुडघ्याला तेल चोळत.

आई म्हणाली, “एक पोरगा आहे मला. तो गोळी खायला पाठवू?”

“आई, हा आत्ता काय सुरक्षित आहे?” ताई म्हणाली. “दोघं रोज दोराला लटकतात. दारावर कोणी जोरात थाप मारली की माझी सुई मोडते. या महिन्यात चार मोडल्या.”

“तू गप. तुझा नवरा राहतोय ना घरी.”

दाजी दारात उभे, मिशीवर हात. आनंद त्यांना लपवता येत नाही. “सासूबाई, अहो घोरपडीला कसली भीती? शत्रूच्या भिंतीवर चढेल आणि वरून विचारेल, कुठला रंग मारू?” सगळे हसले. घोरपडही हसला. मी त्याच्या पायांकडे बघत होते. अंगठे जमिनीत रुतलेले.

“पण दाजी, तुमच्या जोडीला?” त्याने विचारलं.

“माझी काळजी तू करू नकोस. मिळेल कोणी. आण तो फॉर्म इकडे.” दाजींनी पेन काढलं. “आपली गाठ आपण बांधायची नाही. मी भरतो.”

आणि त्यांनी भरला. अक्षर चांगलं त्यांचं, पाट्या रंगवायचे पूर्वी. घोरपडीने एकदा तोंड उघडलं, “शाखेच्या रकान्यात जरा...”

“माहीत आहे रे मला. सहा वर्षं तुला बघतोय. तू सही कर.”

फॉर्म त्याच्यासमोर आला. त्याने वाचला नाही. जोडीदाराने बांधलेल्या गाठीला हात लावायचा नसतो. त्याने सही केली, घडी घातली आणि पाकिटात टाकला. बाहेर कोणाला सांगा, हसेल. सही करताना कागद न वाचणारा माणूस मूर्खच म्हणेल. पण ही माणसं न वाचता चौदा मजले उतरतात.

तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. तो ते घेऊन पळतच माझ्याकडे आला. कागद माझ्या हातात दिला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला.

‘प्रथम पसंती: हवाई छत्री दल. उमेदवाराने उडी चाचणीसाठी हजर राहावे. मचाणाची उंची दहा मीटर.’ दुसरी पसंती डोंगरी तुकडी. वैद्यकीय विभाग कुठेच नव्हता.

मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. दाजींच्या सात पिढ्या झाल्या. “विमानातून उड्या? अरे, तुला विचारलं का त्याने? तू वाचलंस का? तुमच्या त्या गाठीच्या कायद्याला आग लावा!”

“त्यांनी प्रेमानेच लिहिलं,” तो म्हणाला.

कागदाच्या मागे बारीक अक्षरात होतं ते मी वाचलं. पसंती बदलायला चाचणीच्या दिवशी सकाळी एक खिडकी उघडी असते. मात्र फॉर्म दुसऱ्याने भरला असेल, तर बदलावर त्याचीही सही लागते.

“आण,” मी म्हटलं, “मी करते त्यांची सही. ठेकेदारांच्या सह्या केल्यात मी, दाजी काय चीज आहेत.”

त्याने कागद माझ्या हातातून ओढून घेतला. पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. “नाही! आठ महिने फसवलं त्यांना. आता सहीतपण फसवू?”

“मग जाऊच नकोस भरतीला.”

“मग सोमवारी आठला पुन्हा वर.”

दोन्हीकडे तीच उंची.

चाचणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मैदानाला तारेचं कुंपण. आत चुन्याच्या रेघा, टेबलं, पाण्याचे पिंप, आणि पलीकडे ते मचाण. लोखंडी, करडं, खाली जाळं. उमेदवार वर चढत, कडेला थांबत, मागचा माणूस ओरडे आणि ते उडी मारत. जाळं प्रत्येक वेळी ‘धप्’ करायचं. प्रत्येक धप्पला घोरपडीच्या गळ्याची शीर उडायची. तिकडे दाजी रांगेतल्या अनोळखी पोरांना सांगत होते, “आमचे मेहुणे. दहा मीटर म्हणजे त्यांच्या न्याहारीची उंची. तुम्ही बघत राहा फक्त.”

एक पोरगा म्हणाला, “काका, मग तुम्हीपण उडी मारा की.”

“माझं लग्न झालंय बाबा. रोजच उडी आहे.”

रांग हसली. मी घोरपडीच्या कानात म्हटलं, “आत्ता. खिडकी दहाला बंद होते.”

तो हलला नाही. मी त्याला ढकलणार होते. पण मग तो स्वतःच रांगेतून बाहेर पडला आणि खिडकीकडे चालायला लागला. दाजी मागोमाग. “अरे, रांग सोडून कुठे? तो बाजूचा पुढे घुसेल!”

खिडकीत पिकल्या मिशीचा एक फौजी बसला होता. कागद पाहिला. “दोरावर काम करतोस? आणि उडी नको? का?”

घोरपडीने खिडकीची चौकट धरली. फौजीने पुन्हा विचारलं, थोडं हळू. “का, बाळा?”

“उंचीची भीती वाटते, साहेब.”

मागे दाजी हसले. त्यांना तो विनोद वाटला. घोरपडीने मागे वळून पाहिलं आणि ते हसू त्यांच्या तोंडावरच वाळलं.

“कधीपासून?”

“पोपट पडला तेव्हापासून.”

दाजी तोंडातल्या तोंडात हिशेब करत राहिले. मग म्हणाले, “दवाखान्याची इमारत?”

“हो.”

“ते पिवळे दोन टॉवर?”

“हो.”

“वारा सुटला होता त्या दिवशी? मी खालच्या सज्ज्यापर्यंत एकटा गेलो होतो, तेव्हा?”

“हो, दाजी.”

“आठ महिने,” दाजी म्हणाले. त्यांचा हात आपोआप कमरेकडे गेला, कामावर पट्टा बांधतात तिथे. “आठ महिने मी तुझ्या त्या हातांवर...” चेहरा चुन्यासारखा झाला. मैदानाच्या सपाट जमिनीवर उभं राहून त्यांनी खाली पाहिलं, आपल्या पायांकडे. मला वाटलं, आता मारतील त्याला. मी मधे जायला तयार होते. त्यांनी मारलं नाही. पाण्याच्या पिंपाशी गेले, पाणी घेतलं, प्यायले नाहीत, तोंडावर मारलं नाही, पेला धरून उभे राहिले. पाणी पेल्यातून सांडत होतं.

फौजीने घड्याळ बघितलं. “दहा मिनिटं आहेत.”

दाजी परत आले. “एक सांग. हात लटपटत होते तर गाठ बसायची कशी?”

“दोनदा बांधायचो,” घोरपड म्हणाला. “पहिली बांधायचो तुमच्यासमोर. तुम्ही रंग ढवळायला वळलात की सोडायचो आणि पुन्हा बांधायचो. कधी तीनदा. बसेपर्यंत.”

“म्हणून तुला उशीर व्हायचा?”

“हो.”

“आणि मी आळशी म्हणायचो.” दाजींनी पेन मागितलं. सही केली. अक्षर वाकडं आलं, पाटी रंगवणाऱ्या माणसाचं. “कुठे जायचंय तुला?” त्यांनी विचारलं. पहिल्यांदा विचारलं. घोरपडीने सांगितलं. फौजीने रकाना बदलला आणि शिक्का मारला. आम्ही परत निघालो. दाजी घोरपडीच्या दोन पावलं पुढे चालत होते.

त्याची निवड झाली. पुढच्या महिन्यात तो गेला. आता तो कुठे आहे ते घरच्यांनाही नीट सांगत नाहीत. ताईच्या सुया मोडायच्या थांबल्या नाहीत. पूर्वी नुसती दारावरच्या थापेने मोडायच्या, आता बातम्यांनीही मोडतात. मी काही हे जिंकल्याची गोष्ट म्हणून लिहीत नाही.

मला लिहायचीय ती त्याच्या जाण्याआधीची एक सकाळ. हातातलं काम अर्धं होतं, दाजींना जोडीदार मिळाला नव्हता, ठेकेदार डोक्यावर. दाजी भरतीनंतर चार दिवस घरात बसले होते. झोप नाही, जेवण नाही. ताईला म्हणाले होते, पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागतो. पाचव्या दिवशी घोरपडीला म्हणाले, “तू खाली उतरू नकोस. नुसती माझी गाठ बांध.”

मी वर गेले. बोलावलं नव्हतं. दहावा मजला, स्वच्छ हवा. घोरपड कठड्यापासून लांब, टाकीच्या खांबाशी गुडघ्यांवर बसला. तीन वेढे घेतले. गाठ मारली. मग दाजींच्या देखत सोडली आणि पुन्हा मारली. लपवायचं काही राहिलं नव्हतं. हात हलतच होते.

“झालं,” तो म्हणाला.

दाजी कठड्याकडे निघाले. थांबले. परत आले. खांबाजवळ वाकले आणि त्या गाठीवर हात ठेवला. बोटांनी चाचपली, वरून, खालून, ओढून. तीस वर्षांत कोणा रंगाऱ्याला मी हे करताना पाहिलं नव्हतं. ज्याच्यासाठी पत्रकं छापली, घसा फोडला, ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. आणि मला धड आनंदही होईना, कारण दाजींचीही बोटं लटपटत होती.

घोरपडीने मान खाली घातली. “नीट बघा,” म्हणाला. “अजून एकदा बघा.”

दाजींनी अजून एकदा पाहिलं. मग पाय बाहेर टाकले आणि दिसेनासे झाले. दोर ताणला, खांबावर करकरला. घोरपडीने गाठीवर पंजा ठेवला आणि डोळे मिटून घेतले. खालून दाजींचा आवाज येत नव्हता. ते भाजीवाल्याशी बोलले नाहीत, गाणं म्हटलं नाही. पोचले का, थांबले का, काही कळायला मार्ग नव्हता. कठड्याशी जाऊन वाकून बघायचं माझं धाडस झालं नाही. मीही त्या खांबाजवळ बसले आणि त्याच्या हाताशेजारी माझा हात ठेवला.

दाजींचे पाय जमिनीला लागून दोर ढिला पडेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.